गॅन्डाल्फ या जादूगाराचं नाव कादंबरीकार टोल्कीन यांनी स्वतः रचलं का? आणि मला ते माझ्या कादंबरीत वापरता येईल का?

रचलं नाही, उचललं. जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतल्या 'व्होलुस्पा' या काव्यात बुटक्यांच्या (ड्वार्फ) नावांची लांबलचक यादी आहे. बहुतेक आवृत्त्यांत तिच्या १२व्या कडव्यात 'गान्दाल्फ्र' सापडतो. थोरिन, थ्राइन, फिली, किली, बोम्बुर हेही याच यादीतले. टोल्कीन यांच्या 'द हॉबिट' या कादंबरीतल्या (१९३७) बुटक्यांची जवळजवळ सगळी नावं इथूनच आली. बालिन मात्र तिथे शोधू नका, तो यादीत नाही.

शेवटच्या 'र'ने फसायला होतं. तो मूळ नावाचा भाग नाही, प्रथमेचा प्रत्यय आहे. संस्कृतातल्या 'देवः'च्या विसर्गाशी त्याचं थेट नातं आहे. तो काढला की उरतात दोन तुकडे: 'गान्द' म्हणजे जादूची काठी किंवा चेटूक, आणि 'आल्फ' म्हणजे एल्फ, उत्तर युरोपातल्या दंतकथांमधली परीसारखी जात. आता प्रश्न पडतो, बुटक्यांच्या यादीत हा काठीवाला एल्फ कुठून आला? माझ्या मते या नावाची सगळी ताकद त्या विसंगतीत आहे. टोल्कीन यांच्या कथेतही उत्तरेकडची माणसं गॅन्डाल्फला एल्फ समजतात, आणि बुटके त्याला 'थार्कून' म्हणतात, म्हणजे काठीवाला.

हे सुरुवातीपासून ठरलेलं नव्हतं. 'हॉबिट'च्या पहिल्या खर्ड्यात गॅन्डाल्फ होता बुटक्यांचा म्होरक्या, आणि जादूगाराचं नाव होतं ब्लाडॉर्थिन. लिहिता लिहिता नावं फिरली. छापील पुस्तकात ब्लाडॉर्थिन उरला तो एका ओळीपुरता: कधीच मरून गेलेला राजा, ज्याच्यासाठी भाले घडवले होते.

टोल्कीन यांच्या आधीही हे नाव वापरात होतं. 'हाइम्सक्रिंग्ला' या नॉर्वेच्या राजांच्या जुन्या कथासंग्रहात विंगुलमार्क या तिथल्या प्रदेशाचा राजा गान्दाल्फ आहे, इब्सेनच्या १८५०च्या एका नाटकात त्या नावाचा व्हायकिंग राजा आहे, आणि विल्यम मॉरिसच्या १८९६च्या कादंबरीत 'गॅन्डॉल्फ' नावाचा दुष्ट सरदार.

तुम्ही वापरावं का? काव्य शेकडो वर्षं जुनं आहे, त्यावर कुणाची मालकी नाही. पण काठी घेतलेल्या म्हाताऱ्या जादूगाराला हे नाव दिलंत तर वाचक तुमचं पात्र बघणारच नाही, आणि हक्कांचा वादही उभा राहू शकतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाला १९७०च्या दशकात अशाच वादामुळे टोल्कीन यांच्या 'हॉबिट' या ठेंगण्या जमातीचं 'हाफलिंग' आणि 'एन्ट' या चालत्या झाडांचं 'ट्रीअन्ट' करावं लागलं होतं.

त्यापेक्षा तीच यादी उघडा. गान्दाल्फ्रला लागूनच 'विन्दाल्फ्र' आहे. 'र' काढा, विन्दाल्फ: वाऱ्याचा एल्फ. मराठीत उच्चारायला सोपं, आणि अजून कुठल्याही एका पुस्तकाचा शिक्का त्यावर ठळकपणे बसलेला नाही.