डेटिंग ॲप, खून आणि हसू : इंदूरच्या मराठी घरातली कथा कशी बांधावी?

डेटिंग ॲपमधून ओढवणाऱ्या धोक्यांवर विनोदी खूनरहस्यपट लिहायचा आहे, कथा इंदूरच्या मराठी कुटुंबात घडते, आणि प्रेक्षक मनापासून हसला तरी सावध होऊनच बाहेर पडावा, हे कसे साधावे, असा आपला प्रश्न आहे. इंदूरच्या हौशी मराठी रंगभूमीसाठी मी बरीच वर्षे लिहीत आलो आहे आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

हसू कोणावर, याचा निर्णय पहिले पान लिहिण्यापूर्वी व्हायला हवा. मेलेल्या व्यक्तीवर एकही विनोद होता कामा नये, असे माझे ठाम मत आहे. ‘पण ती अशा ॲपवर गेलीच कशाला?’ हे वाक्य एखाद्या पात्राच्या तोंडी येणारच, कारण ते आपल्या घराघरांत बोलले जाते. पण ते आले की त्याच प्रसंगात कोणीतरी त्या पात्राला निरुत्तर करावे. ॲप नवे असले तरी हा गुन्हा जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये आंरी लांद्रू नावाचा इसम विधुर असल्याची बतावणी करून वर्तमानपत्रांत विवाहाच्या जाहिराती देत असे. दहा स्त्रिया आणि त्यांपैकी एकीचा मुलगा अशा 11 जणांच्या खुनाबद्दल त्याला दोषी ठरवण्यात आले आणि 1922 मध्ये गिलोटिनखाली त्याचा शिरच्छेद झाला. प्रेते कधीच सापडली नाहीत. त्याला अडकवले ते त्याच्याच खर्चाच्या वहीने, जिच्यात आगगाडीच्या तिकिटांचा हिशेब होता : स्वतःसाठी जाण्यायेण्याचे तिकीट, आणि सोबतच्या बाईसाठी फक्त जाण्याचे. चार्ली चॅप्लिनने 1947 मध्ये याच प्रकरणाच्या आधारे विनोदी चित्रपट केला, आणि त्यात सर्वांत जास्त हसवते ती खुन्याचा प्रत्येक बेत नकळत उधळून लावणारी आणि शेवटपर्यंत जिवंत राहणारी बाई. आपल्या कथेलाही हीच वाट सापडावी. फसलेल्या बेतावर हसावे, थापांवर हसावे, नातेवाइकांच्या लगबगीवर हसावे. मृत्यूपाशी आले की विनोदाने बाजूला व्हावे.

आता मूळ धोक्याकडे येतो, कारण कथेचा सांधा तिथेच आहे. स्थळ सांगून येते तेव्हा मध्ये कोणीतरी ओळखीचे असते. रामबागेतल्या माणसाला राजेंद्रनगरातल्या घराची माहिती दोन फोनमध्ये मिळते, आणि तेवढ्याने भागले नाही तर देवासला किंवा धारला एखादी मावशी असतेच. ॲपवर हा मधला माणूस नसतो, आणि तरुण मुलामुलींना ॲप हवेसे वाटते तेही त्याचमुळे. मी त्यांच्या बाजूचा आहे. चौकशीच्या त्या जुन्या पद्धतीत जातीचा काच होता, मुलीच्या रंगावरची शेरेबाजी होती, आणि ती पद्धत जशीच्या तशी परत यावी असे मला मुळीच वाटत नाही. परंतु समोरच्या माणसाला ओळखणारे आपल्या ओळखीत कोणीही नाही, ही स्थिती लबाड माणसाला फार सोयीची असते, हेही तितकेच खरे आहे. म्हणून आपल्या कथेत शोध घेणारी व्यक्ती ही मराठी मंडळात वधू-वर सूचक केंद्र चालवणारी, निवृत्त शिक्षिका असलेली आत्या असावी, असे मी सुचवेन. तिला ॲपमधले काही कळत नाही, पण ‘मुलगा कंपनीत आहे’ या वाक्यावर ‘कोणत्या खात्यात, कायम की कंत्राटी, आणि आधीची नोकरी का सोडली?’ हे तीन प्रश्न ती श्वास न घेता विचारते. भाची ॲप शिकवते, आत्या चौकशी शिकवते. या दोघींच्या जोडीत विनोदाची खाण आहे आणि मायाही आहे.

संशयितांची रचना करताना एक गोष्ट आवर्जून करावी. ॲपवर जवळजवळ प्रत्येक जण थोडे खोटे बोलतो : उंचीत दोन इंच वाढतात, वयातली तीन वर्षे गळतात, मित्राची गाडी स्वतःची होते, केस शाबूत असतानाचा फोटो अजून टिकून असतो. पोलीस चौकशीत या थापा एकेक करून बाहेर येतात, आणि खुनाच्या संशयापेक्षा उंची उघडी पडण्याचीच धास्ती घेतलेला संशयित प्रेक्षकाला हसवल्याशिवाय राहणार नाही. खुन्याची माहिती मात्र तंतोतंत खरी असावी : नाव खरे, नोकरी खरी, फोटो कालपरवाचा, आणि चेहऱ्याची पडताळणी झाल्याची निळी खूणही हजर. ती खूण फोटोतला आणि फोनसमोरचा माणूस एकच आहे एवढेच सांगते. त्या माणसाच्या मनात काय आहे, हे तिला कळत नाही. प्रेक्षकाला हे रहस्य उलगडताना कळले, तर भाषण न देता सर्वांत महत्त्वाची सूचना त्याच्यापर्यंत पोहोचलेली असेल.

पुरावे ॲपच्या आणि शहराच्या व्यवहारातूनच निघावेत, आकाशातून पडू नयेत. टिंडर या डेटिंग ॲपवर एकाने ‘अनमॅच’ केले, म्हणजे जुळलेली जोडी तोडली, की ते संभाषण दोघांच्याही फोनमधून नाहीसे होते. त्यामुळे मृत मुलीचा फोन पोलिसांच्या हाती येतो तेव्हा तिच्या शेवटच्या भेटीचा मागमूस त्यात नसतो. कंपनीकडून माहिती मागवण्याची कायदेशीर वाट असते, पण तिला वेळ लागतो, आणि तोच वेळ आपल्या कथेचा मध्यभाग आहे. मात्र तिने सगळ्या मुली करतात तेच केलेले असते : त्या संभाषणाचे स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलेले असतात. मग पंचांसमोर एक गंभीर हवालदार त्या ग्रुपवरचे सगळे शेरे, ‘हा तर आमच्या गणिताच्या सरांसारखा दिसतो’ यासकट, एकसुरी आवाजात वाचून दाखवतो. हा प्रसंग हसवेल, पण ‘भेटायला निघाले, पोचले की कळवते’ हा शेवटचा निरोप त्याच एकसुरी आवाजात आला की सभागृह आपोआप गप्प होईल. तिथे पार्श्वसंगीत नको.

दुसरा पुरावा खास इंदूरचा आहे. सराफ्यात रात्री सोन्याचांदीच्या दुकानांची शटरे खाली येतात आणि त्यांच्याच ओट्यांसमोर खाण्याच्या गाड्या लागतात, हे आपल्याला ठाऊकच असेल. कथा हिवाळ्यातली ठेवा, म्हणजे गराडू, म्हणजे कंदाचे तळलेले मसालेदार तुकडे, मिळतील. खुनी सांगतो की, त्या वेळी मी सराफ्यात गराडू खात होतो, आणि फोनवर 60 रुपये भरल्याची नोंद वेळेसकट दाखवतो. सगळ्यांना ते पटते, कारण सराफ्याच्या त्या गर्दीत कोणाला कोणाचा चेहरा आठवणार? आत्या मात्र गाडीवाल्यापाशी जाऊन उभी राहते आणि त्या रात्रीबद्दल विचारते. त्याला चेहरा आठवत नाही. आठवते ते एवढेच की, यंत्राने ‘साठ रुपये मिळाले’ असे ओरडून सांगितले, त्याने लिंबू पिळून, मसाला भुरभुरून प्लेट तयार केली, दोनतीनदा हाक मारली, पण ती घ्यायला कोणी आलेच नाही. क्यूआर कोडचा आधी काढून ठेवलेला फोटो गॅलरीतून उघडून लहान रक्कम कुठूनही भरता येते. पैसे सराफ्यात पोहोचले होते, माणूस दुसरीकडेच होता. ही युक्ती आपल्या भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सर्वांना समजेल, आणि एकदा समजली की प्रत्येकाला वाटेल, हे मला कसे सुचले नाही.

पोलिसांना विदूषक करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लंडनमध्ये स्टीफन पोर्टने 2014 आणि 2015 या दोन वर्षांत ॲप व संकेतस्थळांवर ओळख झालेल्या चार तरुणांचा खून केला. मृतांच्या आप्तमित्रांनी शंका बोलून दाखवूनही पोलिसांनी ते मृत्यू एकमेकांशी जोडून पाहिले नाहीत, आणि 2021 मध्ये ज्युरीने पोलिसांच्या त्रुटींचा त्यांपैकी तिघांच्या मृत्यूला बहुधा हातभार लागला असा निष्कर्ष काढला. हे वाचल्यावर बावळट इन्स्पेक्टरवर मला हसू येत नाही. आपला इन्स्पेक्टर कामाच्या ओझ्याखाली दबलेला पण हुशार असावा. तपशिलही नीट सांभाळा : डिसेंबर 2021 पासून इंदूर शहरात पोलीस आयुक्त आहेत, आणि 1 जुलै 2024 नंतरच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचे कलम 103 लागते, 302 हा आकडा फक्त आजोबांच्या तोंडी शोभेल.

खून हा या विषयातला विरळा प्रकार आहे, हेही चित्रपटातून दिसले पाहिजे. रोजचा धोका पैशाचा आणि अब्रूचा असतो. ठरावीक कॅफेत नेऊन अवाच्या सवा बिल हातात ठेवणाऱ्या टोळ्या दिल्लीत आणि मुंबईत उघडकीस आल्या आहेत. व्हिडिओ कॉल चोरून टिपून पैसे उकळले जातात. महिनाभर गोड बोलून खोट्या गुंतवणुकीत बचत ओतायला लावली जाते. आपल्या संशयितांपैकी एक जण अशा खंडणीला बळी पडलेला असावा : पन्नाशीचा, प्रतिष्ठित, मंडळाच्या गणेशोत्सवात पुढे असणारा. त्याने खुन्याला त्या रात्री पाहिलेले आहे, पण आपण तिथे का होतो हे सांगावे लागेल म्हणून तो तोंड उघडत नाही. कथेत उशीर होतो तो त्याच्या या लाजेमुळे. त्याच्या मुलीनेच त्याला 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन लावून द्यावा, तोही न रागावता. हा प्रसंग मी आपल्या जागी सर्वांत जास्त वेळ देऊन लिहीन.

शेवटासाठी वधू-वर परिचय मेळावा घ्यावा. मंच, गुलाबी पडदा, खरखरणारा माईक, प्रत्येकाला दोन मिनिटे. सर्व संशयित उमेदवार म्हणून एकेक करून उभे राहतात, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आत्याकडे पाहताच स्वतःहून खरी उंची सांगू लागतात. खुन्याची पाळी आली की आत्याने फक्त एकच प्रश्न विचारावा : गराडूवर त्या रात्री लिंबू होते की नव्हते?