डेझिग्नेशनवर जाऊ नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा तुझ्यासारखीच बिलं तपासतो आणि पगार तुझ्यापेक्षा जास्त घेतो. विचारलं तर साहेब म्हणतात, "तुमचं डेझिग्नेशन वेगळं आहे." आणि तू राजीनामा टाइप करून ठेवलायस. साहेबांची सबब वाचून हसूच आलं मला. पन्नास वर्षं होत आली, सबब तीच!

मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकोस्टा नावाची स्टेनो होती. तिथे बायका 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर', पुरुष नुसते स्टेनोग्राफर. पद भारदस्त बायकांचं, पगार जास्त पुरुषांचा. १९७७ मध्ये तिची नोकरी गेली. तिने १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली पगारातला फरक मागितला. कंपनी म्हणाली, या पदावर पुरुषच नाहीत, मग भेदभाव कसला? (पुरुष घ्यायचे नाहीत हे ठरवलं कुणी? कंपनीनेच ना!) शिवाय पगार युनियनशी झालेल्या करारानुसार आहेत. काम सारखंच आहे हे मान्य करूनही पहिल्या पायरीवर तिचा अर्ज फेटाळला गेला, तो या करारापायी. म्हणून सांगते, तुमच्याकडे युनियनचा करार असेल तर आधी तो मिळवून वाच. आपल्याच माणसांनी कशाखाली सही केलीय ते कळू दे.

पुढे अपिलात ती जिंकली, उच्च न्यायालयात टिकली आणि २६ मार्च १९८७ ला सर्वोच्च न्यायालयानेही तिचीच बाजू उचलून धरली. पदाचं नाव बघू नका, काम बघा. बारीकसारीक फरक धरून बसू नका. कराराने कायदा मोडता येत नाही आणि परवडत नाही ही सबबही चालत नाही. हे सगळं सात हजारांच्या आसपासच्या थकबाकीसाठी, आणि त्यात दहा वर्षं गेली. तुला खोटी आशा दाखवत नाही.

मी तर तिथवर पोचलेही नाही. तिशीत रागाच्या भरात एका ऑफिसात राजीनामा फेकून आले. वकिलांनी विचारलं, "नेमणूकपत्र? पगाराची स्लिप?" पर्समध्ये होता लोकलचा पास.

तू दोनशे पानी वही घे. रोज निघताना चार ओळी लिही, तारीख घालून. कुणाची बिलं तपासलीस, तो मुलगा रजेवर असताना त्याचं काय काय तुझ्या अंगावर आलं, तू रजेवर असताना तुझं त्याने काय केलं. हे शेवटचं विसरू नकोस. तो तुझं काम करू शकतो आणि तू त्याचं, तर फरक उरला कुठे? पगारवाढ तोंडी मागू नकोस, लेखी माग आणि पोच घे. कंपनीच्या फायली मात्र घरच्या मेलवर पाठवू नकोस, उलट तुलाच चोर ठरवतील.

शनिवारी ये. नेमणूकपत्र आणि स्लिपा आण. टाइप करून ठेवलेला तो राजीनामा फाडून ये.

तुझी,
मावशी