पाणी-सांडपाण्याचं काम निवडावं का?

प्रश्न: मी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे पाणी आणि सांडपाणी या विषयात काम करावं असं वाटतं. बाबा म्हणतात, "एवढं शिकून गटारंच बघणार का?" माझं गणित बरं आहे, केमिस्ट्री कच्ची. या कामात दिवसभर नेमकं काय करतात? मला जमेल का?

उत्तर: बाबांचं म्हणणं खोटं नाही, म्हणून आधी गटारांबद्दलच बोलू. ती बघावी लागतात. पण बघायचं काय, ते ऐक. सांडपाण्याची वाहिनी टाकताना उतार इतका ठेवतात की दिवसातून एकदा तरी पाण्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या वर जाईल. तेवढ्या वेगाने तळाची वाळू वाहून जाते. उतार कमी पडला तर वाळू बसते, मैला तुंबतो, कुजतो आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. हा वायू पाइपच्या वरच्या ओल्या भागात पोचला की तिथले जंतू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात, आणि काँक्रीट वरून झिजत जातं. काही वर्षांनी रस्ता खचतो तेव्हा दोष पाइपला दिला जातो. चूक उताराची असते.

या वायूबद्दल आणखी एक गोष्ट आत्ताच पक्की करून ठेव. थोडा असताना कुजक्या अंड्यांचा वास लगेच येतो. प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. म्हणून मॅनहोलमध्ये उतरायचं की नाही हे गॅस मीटर ठरवतो, नाक नाही. मीटर, खेळती हवा आणि वर थांबलेला माणूस यांच्याशिवाय कुणालाही आत उतरवायचं नाही. घाई असली तरीही.

तुझं गणित बरं आहे म्हणतेस, त्याचा उपयोग पाइप आणि पंपांकडे रोज होईल. सेकंदाला १०० लिटर पाणी ५० मीटर उंच चढवायला शुद्ध हिशेबाने ४९ किलोवॉट लागतात. पंपाची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तर ६५. इथवर कुणीही येतो. खरी परीक्षा वीज गेल्यावर. लांब लोखंडी वाहिनीत पाणी सेकंदाला १.५ मीटर वेगाने चाललं आहे आणि पंप अचानक थांबला, तर दाबाची लाट सेकंदाला सुमारे १००० मीटर वेगाने धावते आणि दाबात साधारण १५० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका फरक पडू शकतो. म्हणजे पंपाच्या रोजच्या दाबाच्या तिप्पट. आधी दाब एकदम पडतो, उंचवट्यावर पोकळी होते, मग पाणी उलटं आदळून पाइप फुटतो. त्यासाठी एअर व्हॉल्व्ह, दाबाची टाकी किंवा हळू बंद होणारा व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, हे आधी गणितात शोधावं लागतं.

आता केमिस्ट्री. कच्ची असेल तर घाबरू नकोस, पण टाळूही नकोस. लागते ती थोडीच, मात्र हातात भिनलेली लागते. गढूळ पाणी निवळायला तुरटीचा डोस किती, ते ठरवण्याची जार टेस्ट बघ. सहा चंचुपात्रांत एकेक लिटर कच्चं पाणी, प्रत्येकात वेगळा डोस. मिनिटभर जोरात ढवळायचं, वीसेक मिनिटं सावकाश, मग अर्धा तास निवळू द्यायचं आणि वरच्या पाण्याचा गढूळपणा मोजायचा. सोपं वाटतं. फसतं कुठे? दर लिटरला १ मिलिग्रॅम तुरटी साधारण अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, खाते. पाण्यात अल्कलिनिटी लिटरला २५ मिलिग्रॅम आणि डोस ६० असेल तर ती संपते, पीएच कोसळतो, गढूळ कणांचे गोळे धरत नाहीत. गढूळपणा हटत नाही म्हणून ऑपरेटर तुरटी आणखी वाढवतो आणि पाणी आणखी बिघडतं. उपाय चुन्याचा असतो.

सांडपाणी केंद्रात पाणी साफ करायचं काम जंतू करतात. तिथे मी तुला एका टाकीपाशी जास्त वेळ थांबायला सांगेन: दुसरी निवळण टाकी, जिथे जंतूंचा गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी बाहेर जातं. सकाळी तिच्यावर गाळ तरंगताना दिसला तर कारणं निदान दोन असू शकतात. एरेशन टाकीतलं, म्हणजे जंतूंना हवा देतात त्या टाकीतलं, पाणी लिटरच्या नळकांड्यात घेऊन अर्धा तास ठेव. गाळ नीट ३०० मिलिलिटरवर बसला, पण तास-दोन तासांनी बुडबुड्यांसकट वर आला, तर टाकीच्या तळाशी तो फार वेळ पडून राहतोय आणि नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतोय. गाळ परत नेणारा पंप वाढवायचा. याउलट अर्ध्या तासात तो ७५० च्या खाली उतरलाच नाही, आणि गाळाचं प्रमाण लिटरला ३ ग्रॅम आहे, तर गाळाचा निर्देशांक (७५० भागिले ३) २५० आला. १५० च्या पुढे गेला की गाळ फुगला समजतात. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यासारखे जंतू दिसतील. इथे पंप वाढवून तात्पुरता दिलासा मिळतो, मूळ कारण तसंच राहतं: हवा कमी, पोषक द्रव्यं कमी किंवा अन्नाच्या मानाने जंतूच जास्त. विरघळलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास आहे का, ते आधी बघायचं. उगाच हवा ढकलत राहणंही बरं नाही. अशा केंद्राची निम्मी वीज बहुधा हवा देण्यातच जाते.

दिवस जातो तो असा: सकाळी नोंदवही आणि नमुने, मग नकाशे, आकडेमोड, कंत्राटदाराशी वाद. डिझाइनच्या कार्यालयात खुर्ची जास्त, केंद्रावर बूट जास्त. माझं मत विचारशील तर पहिली दोन वर्षं केंद्रावर किंवा साइटवर घाल. व्हॉल्व्हच्या चाकाला हात पोचेल एवढी जागा नकाशात ठेवायची असते, हे कार्यालयात बसून सुचत नाही.

या सुट्टीत तीन कामं कर. द्रवगतिकी पुन्हा वाच. एपानेट हे पाणीवाहिन्यांच्या जाळ्याचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात दहा-बारा नोडचं (पाइप जुळतात त्या बिंदूंचं) जाळं मांड. एका पाइपचा व्यास निम्मा केलास की तेवढ्याच प्रवाहाला घर्षणाचा तोटा जवळपास ३२ पट होतो, ते स्वतः पाहा. आणि एखाद्या सांडपाणी केंद्राची परवानगी काढून महिन्याभराच्या नोंदी माग. आत किती बीओडी (मैला कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) आली, किती बाहेर गेली, किती गाळ निघाला, याचा ताळा जुळवून बघ. तो पहिल्या झटक्यात जुळणार नाही. का जुळत नाही हे शोधायला दुसऱ्या दिवशी परत जावंसं वाटलं, तर ही शाखा घे. बाबांनाही एकदा सोबत ने.