उत्तर: 7000 सांगून 5500 दिले आणि करार ‘होईल सावकाश’

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि सकाळी परत वाचली. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत 7 मुलं अप्रेंटिस (शिकाऊ उमेदवार) म्हणून लावली, फिटर आणि मशिनिस्ट. महिन्याला 7000 रुपये विद्यावेतन ठरलं होतं, हातात 5500 आले. तिघं पॅकिंगला टाकलेत, दोघं ‘दिवाळीनंतर येणार नाही’ म्हणतायत. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहावं तसं तुम्ही लिहिलंय की एचआर म्हणतो करार अप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर होईल सावकाश. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हे शेवटचं वाक्य आहे.

आधी हिशेब. 2019 च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्या मुलाला पहिल्या वर्षी किमान 7000. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत त्यातला चौथा हिस्सा सरकार देतं, पण जास्तीत जास्त 1500. पूर्वी हे पैसे कंपनीला परत मिळायचे, 2023 पासून थेट मुलाच्या खात्यात जातात. म्हणजे कंपनीने 5500 देणं आणि 1500 वेगळे येणं यात काही काळंबेरं नाही. पण ताई, करारच नोंदलेला नसेल तर सरकारच्या दफ्तरी तुमचा मुलगाच नाही. मग ते 1500 देणार कोण? हे एचआरला शांतपणे विचारा. (आकडे बदलत असतात. मी वकील नाही, तुम्ही आजचा नियम बघून घ्या.)

आता माझं सांगतो. नाशिकला अंबडमध्ये टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवण्याच्या विभागात, 28 वर्षं काढली. निवृत्तीनंतर पेठ-सुरगाण्याकडच्या मुलांना कंपन्यांत लावून द्यायचं, वर्षभर पाठीशी राहायचं, असं काम अंगावर घेतलं. पहिल्याच खेपेला 4 मुलं एका ओळखीच्या कारखान्यात लावली. मालक माझ्या हाताखाली शिकून गेलेला. त्यामुळे कागद मागायचा मलाच संकोच वाटला, आणि तिथेच माती खाल्ली. मुलं ऑगस्टमध्ये रुजू झाली. ऑफिसातला पोरगा दर वेळी म्हणायचा, ‘सर, पोर्टल डाऊन आहे.’ मी म्हणायचो बरं.

तिसऱ्या महिन्यात त्यांच्यातला सगळ्यात गप्प मुलगा मला गेटबाहेर भेटला. म्हणाला, ‘सर, माझ्या मोबाईलवर काही दिसत नाही.’ त्याने स्वतःचं लॉगिन उघडून बघितलं होतं, तिथे करार नव्हता. आणि मी काय म्हटलं? ‘तू कामावर लक्ष दे, मोठी माणसं आहेत बघायला.’ त्यानंतर त्याने विचारलं नाही. बाकीच्यांनीही नाही.

करार शेवटी मे महिन्यात नोंदला गेला, आणि तारीख पडली मे महिन्याची. त्याआधीचे 9 महिने चौघांनी घासलेलं लोखंड कागदावर शून्य. प्रमाणपत्राची परीक्षा द्यायला वर्ष पूर्ण झालेलं लागतं, ते वर्ष आता पुढच्या मेपर्यंत. दोघं थांबले. एक द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरीत गेला. आणि तो गप्प मुलगा घरी भातलावणीला गेला तो आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, ‘सर, तुमचं काही चुकलं नाही.’ हे ऐकणं फार वाईट असतं.

मग मी एका सरकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. 6 चकरा. पहिल्या टेबलावर ‘करार कंपनीने करायचा, आमचा काय संबंध’. दुसऱ्या टेबलावर ‘साहेब दौऱ्यावर’. चौथ्या चकरेला सांगितलं अर्ज कंपनीच्या लेटरहेडवर आणा. अहो, ज्या कंपनीची तक्रार घेऊन आलोय तिच्याच लेटरहेडवर? पाचव्या वेळी माझा आधीचा अर्जच सापडेना, कारण मी पोच घेतली नव्हती. 28 वर्षं एकही जॉब (मशीनवर बनवलेला भाग) तपासणीच्या शिक्क्याशिवाय पुढे सोडला नाही आणि स्वतःच्या अर्जावर शिक्का मारून घ्यायचं सुचलं नाही. तुम्ही जे द्याल त्याची पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

असो, चीड बाजूला ठेवतो.

माझा आताचा नियम असा की मुलाने स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या लॉगिनने करार क्रमांक आणि सुरुवातीची तारीख दाखवल्याशिवाय तो मशीनला हात लावत नाही. एचआरने दाखवलेला स्क्रीनशॉट चालत नाही. मुलगा अठराच्या आत असेल तर करारावर पालकाची सही लागते, तेव्हा बापाला गावाहून एकदाच बोलवून घ्या, त्याच दिवशी त्याला खोली आणि खानावळही दाखवा. यावर काही जण म्हणतील की असं अडून बसलं तर कंपन्या मुलं घेणार नाहीत. माझा अनुभव वेगळा आहे. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. गरज त्यांनाही असते, आपणच उपकार घेतल्यासारखे उभे राहतो.

करार नसण्यातला दुसरा धोका हातापायाचा. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नाही, शिकाऊ आहे, पण प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाई मालकावर येते. करारच नसेल तर ‘हा आमचा अप्रेंटिसच नाही’ म्हणायला तोंड मोकळं. ओव्हरटाईमचंही बघा. शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) परवानगीशिवाय अप्रेंटिसला ओव्हरटाईम लावता येत नाही. मुलं मात्र खुशीने थांबतात, त्यांना वाटतं साहेब खूश होईल.

पॅकिंगबद्दल माझं मत कदाचित तुम्हाला आवडणार नाही. पहिला महिना पॅकिंगला घालवला तर बिघडत नाही. तयार जॉब कसा दिसतो, रिजेक्शनच्या लाल पेटीत काय जातं, हे तिथे डोळ्यांना कळतं. तिसऱ्या महिन्यातही तिथेच असेल तर मात्र तो हेल्पर झाला. अशा वेळी तुम्ही थेट मालकाकडे जाऊ नका, सुपरवायझर दुखावतो आणि राग मुलावर निघतो. मुलांना 40 पानी वही द्या. रोज दोन ओळी, कुठल्या मशीनवर, काय केलं, कोणी दाखवलं. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून वहीच. महिनाअखेरीला मुलानेच ती सुपरवायझरला दाखवायची आणि विचारायचं, ‘साहेब, व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) कधी शिकवाल?’ वाक्य तुमच्यासमोर दहा वेळा म्हणून घ्या. आपल्या मुलांना काम येतं, मागता येत नाही. त्यांच्या वतीने तुम्ही बोलायला लागलात की ती कायमची गप्प होतात, हे मी करून बसलोय.

आणि ‘सोडतो’ म्हणणाऱ्या दोघांना आधी जेवणाचं विचारा. रुजू झाल्यापासून पहिला पैसा हातात पडेपर्यंत महिना-सव्वा महिना जातो. खोलीचं भाडं, खानावळीची आगाऊ रक्कम हे घरी कोणी सांगितलेलं नसतं. निम्मी मुलं कामाला कंटाळून जात नाहीत, उधारीच्या लाजेने जातात.

एक आडवी टीप. सरकारचे 1500 आधारला सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात पडतात. सिमकार्ड घेताना कोणीतरी अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं, पैसे तिथे जाऊन बसतात आणि मुलगा म्हणतो आलेच नाहीत. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं असं नाही. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंगची स्थिती, म्हणजे आधारला कुठली बँक जोडलीय ते, दिसते, सातही जणांची बघून घ्या.

अजून एक, पालक हमखास गोंधळतात म्हणून. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी. ती 2024 मध्ये आली, त्यात आयटीआयवाल्याला 8000 आहेत, पण अप्रेंटिसचं राष्ट्रीय प्रमाणपत्र त्यातून मिळत नाही. ठेकेदार ‘ट्रेनी’ म्हणून घेतो ते तर आणखीनच वेगळं. तुमच्या सातांपैकी कोण नक्की कशात आहे हे आधी पक्कं करा. तुमच्या पोस्टवरून मला तरी ते कळलं नाही.

सोमवारी कंपनीत जाणार असाल तर मुलांना सोबत घ्या, तुम्ही मागच्या खुर्चीवर बसा. करार क्रमांकाचं त्यांच्यापैकीच एकाला विचारू द्या. एचआर ‘पोर्टल डाऊन’ म्हणाला तर त्याच्यासमोरच एकाच्या मोबाईलवर उघडून बघा. काय झालं ते इथे लिहा, रात्री नऊनंतर मी असतो.