सोर्सिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांसाठी उमेदवार शोधायच्या कामात, नवीन असशील तर

भावा, कोर्सला पैसे घालायच्या आधी बूलियन सर्च, म्हणजे शब्द ऑर (OR), नॉट (NOT) लावून शोधायची पद्धत, हातात बसव. समजा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीला क्वालिटीचा माणूस पाहिजे, तर नुसतं क्वालिटी इंजिनिअर टाकून ढिगानं प्रोफाइल येणार, त्यापेक्षा पदाचं नाव अवतरणचिन्हात घाल, कास्टिंग, फाउंड्री असले शब्द कंसात ऑर लावून जोड, ट्रेनी नको असतील तर नॉट लाव, लिंक्डइनवर हे ऑर-नॉट कॅपिटलमध्येच टाईप करायचं, मग बघ यादी कशी आटोपशीर होते. कागल, गोकुळ शिरगाव पण टाकून बघ, सगळेच कोल्हापूर लिहीत नाहीत. मेसेज सगळ्यांना एकच चिकटवू नको, पगार आणि शिफ्ट आधीच सांग. उमेदवाराकडून रुपया घ्यायचा नाही, कधीच. आणि रिजेक्ट झालेल्यालाही फोन करून कळव, बिचारा वाट बघत असतोय.