कोडं अडलं की आधी आपली रीत तपासा

नवीन आहात, तर आधी हे करून बघा. 21, 127 आणि 3 मापांची तीन भांडी आहेत, मोजायची 100 मापं. 127 मधून एकदा 21 आणि दोनदा 3 काढले की झालं. याच रीतीची चार-पाच गणितं ओळीने सोडवली की हात बसतो. मग येतात 23, 49, 3 आणि हवेत 20. जुनी रीत चालते, म्हणून 23 वजा 3 सुचतच नाही. पुढे 28, 76, 3 आणि हवेत 25: इथे जुन्या रीतीने 42 येतात आणि भले भले अडतात. मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्स यांनी 1942 मध्ये हे दाखवून दिलं. अडचण बुद्धीची नसते, सवयीची असते.

म्हणून तीच चाल तिसऱ्यांदा खेळताय असं दिसलं की थांबा. गृहीत धरलेल्या गोष्टी कागदावर उतरवा ('तिन्ही भांडी वापरायचीच' हे कोणी सांगितलं?) आणि एकेक खोडून बघा. तरी जमेना तर उठा, दुसरं काम करा. पण आधी नीट झटापट झालेली हवी, नाहीतर तो नुसता टाइमपास.

'जवळ आलोय' असं वाटत नाही म्हणून सोडून देऊ नका. अशा कोड्यांत उत्तर बऱ्याचदा अचानकच सुचतं. मात्र सुचलेलं लगेच ताडून बघा. बॅट-चेंडू मिळून 110 रुपये, बॅट चेंडूपेक्षा 100 ने महाग. मन चटकन म्हणतं चेंडू 10 चा. मग बॅट 110 ची, बेरीज 120. चेंडू 5 चा आहे.