तान्ह्या बाळाला ताप आला तर, नवीन आईसाठी

अगं, आधी एक थर्मामीटर घे, हात लावून अंदाज नको. 3 महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 डिग्री सेल्सिअस किंवा जास्त ताप म्हणजे रात्र असो वा पहाट, लगेच हॉस्पिटल. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू, ही चूक खूप जण करतात.

अशा तापामागे कधी मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला आलेली सूज, असू शकतो. त्यात मान आखडते असं ऐकलं असशील, पण इतक्या लहान बाळात ती बऱ्याचदा आखडतच नाही, कधी तर ताप न येता अंग उलट गार पडतं, म्हणून हे बघ:

- दूध ओढत नाही, उठवलं तरी सुस्त
- कर्कश रडणं, कडेवर घेतल्यावर जास्तच
- टाळू फुगलेली
- झटके

आणि डॉक्टर पाठीतून पाणी काढायचं म्हणाले तर घाबरून नाही म्हणू नकोस गं, खात्रीचं निदान त्यातूनच होतं.